दहा पावलांवरचा धूर

आमच्या कोरीटच्या घरात दोन आगी आहेत. एक अम्मीच्या स्वयंपाकघरात, दुसरी बाहेर छपरीत, अब्बांच्या भट्टीत. दोन्हींमध्ये दहा पावलांचे अंतर. लहानपणी ते मी रोज चालायचो, कारण सकाळी चुलीतला पेटता निखारा सांडशीत धरून भट्टीपर्यंत न्यायचे काम माझ्याकडे होते.

मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. पुढे अम्मीच्या नावावरही लाल टाकी आली आणि चूल गेली. बाईच्या फुप्फुसात धूर जाता कामा नये, असे सरकारने सांगितले. बरोबरच सांगितले. ज्या घरातली बाई चाळीस वर्षे चुलीपुढे डोळे पुसत बसली, त्या घराला हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

पण दहा पावलांवर दगडी कोळसा पेटतच राहिला. छपरीतला धूर पूर्वीसारखाच घरात येत राहिला. अम्मीचा खोकला काही गेला नाही. सरकारी हिशेबात चुलीचा धूर म्हणजे धूर आणि भट्टीचा धूर म्हणजे धंदा. फुप्फुसाला हा फरक कळत नाही.

या रमजानमध्ये मी गावी गेलो तेव्हा धाकट्या भावाने विचारले, "भाई, भट्टी नवी बांधायची आहे. कोळशाचीच बांधू का गॅसची करू?" अब्बांनंतर भट्टी तोच चालवतो. मी शिकून बाहेर पडलो, नोकरी करतो, लेख लिहितो. त्यामुळे मला विचारणे हा त्याचा मोठेपणा. इफ्तारनंतर मोहल्ल्यातले चार बुजुर्ग बसले होते. त्यांनी माझ्या आधीच निकाल दिला : कोळसा. मी म्हणालो : गॅस. त्या रात्री जो वाद झाला तो तिथेच संपायला नको, म्हणून हा लेख.

बाजू सुरुवातीलाच सांगून टाकतो. गावातल्या लोहाराची भट्टी गॅसचीच असली पाहिजे. ती तशी होत नाही, याला लोहाराचा हट्ट थोडा जबाबदार आहे आणि गॅसचा भाव ठरवणारे त्याहून कितीतरी जास्त जबाबदार आहेत. दोघांनाही बोलणार आहे. आधी घरच्यांना.

आमच्या बुजुर्गांचे पहिले म्हणणे, "कोयले की आंच में जान होती है, बेटा." म्हणजे कोळशाच्या आचेत जीव असतो, गॅसची आच पोकळ. ऐकायला छान वाटते. पण लोखंडाला किती उष्णता मिळाली एवढेच कळते, ती कशातून आली हे कळत नाही. कोयता घडवायला लोखंड नारिंगी-पिवळे, म्हणजे हजार-अकराशे अंशांपर्यंत तापावे लागते. नीट बांधलेली, आतून उष्णतारोधक अस्तर असलेली गॅसची भट्टी एवढी सहज तापते. पाणी देण्यासाठी तर याहून कमी, साधारण आठशे अंशांची आच लागते. आमच्याकडे बहुतेक कोयते ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडतात. त्या पोलादाला आच जास्त झाली की धार ठिसूळ होते, आणखी झाली की ठिणग्या उडतात आणि लोखंड जळते. हे जळणे कोळशातच जास्त होते, कारण निखाऱ्यांच्या मधोमध एक जागा अतिशय तापते आणि टोक तिथे विसरले की गेले. अब्बांचा हात पक्का होता, तरी माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे कोयते जळलेले आहेत. गॅसच्या पेटीत आच सगळीकडे जवळपास सारखी असते. शिकणाऱ्या पोराचे लोखंड त्यात कमी वाया जाते.

दुसरे म्हणणे सांध्याचे. कोळशात दोन लोखंडे टाकणखार लावून तापवली आणि घणाखाली घातली की एकजीव होतात, गॅसमध्ये तसा सांधा बसत नाही. एक तर हे पूर्ण खरे नाही. चांगल्या गॅसभट्टीत टाकणखार वापरून सांधा बसतो. दुसरे म्हणजे, चाचा, शेवटचा असा सांधा तुम्ही कधी मारला? प्रत्येकाच्या छपरीत वेल्डिंगचे मशीन आहे. फाळाला नवे टोक जोडायचे असले की आपण काच लावतो आणि कांडी पेटवतो. जे काम आपण सोडून दिले, त्याच्या नावावर धूर कशाला चालू ठेवायचा?

तिसरे म्हणणे सगळ्यांत जिव्हाळ्याचे. गॅस आला की हुनर जाईल, बापजाद्यांचा इल्म जाईल. इथे मला इतिहास आठवून द्यावा लागतो. आमच्या पणजोबांच्या वेळी भट्टीत लाकडाचा लोणारी कोळसा जळायचा. राखीव जंगलांवर इंग्रज सरकारचा हात पडला, लाकूड महागले. सुरत-भुसावळ रेल्वे नंदुरबारवरून धावू लागली आणि मालगाडीने दगडी कोळसा आला. तेव्हाही कोणीतरी म्हणाले असेल की दगडाच्या आचेत जीव नाही. चामड्याचा भाता गेला, हाताने फिरवायचा पंखा आला. तो गेला, विजेचा ब्लोअर आला. आज कोळशाची बाजू घेणाऱ्या एकाही बुजुर्गाच्या घरी भाता नाही. भाता गेला तेव्हा हुनर गेले नाही, कारण हुनर भात्यात नव्हतेच. लोखंडाचा रंग ओळखणाऱ्या डोळ्यात होते, घाव कुठे आणि किती जोराने घालायचा हे जाणणाऱ्या हातात होते. कोयता पाण्यात किती वेळ धरायचा, धारेवर कोणता रंग चढला की बाहेर काढायचा, हा इल्म आहे. इंधन हे इंधन आहे.

मग भाता कोण ओढायचे, हेही विचारा. आमच्याकडे अम्मी ओढायची. वीज गेली की आता भावजय हाताचा पंखा फिरवते आणि शाळेतून आलेला पुतण्या तिला मदत करतो. हुनराच्या गप्पा ओट्यावर होतात. धूर मात्र पंख्याजवळ बसलेल्याच्या छातीत जातो. साध्या गॅस बर्नरचा एक मोठा फायदा मी म्हणूनच आधी सांगतो : नळीतून जोराने सुटणारा गॅस लागणारी हवा स्वतःच ओढून घेतो. अशा बर्नरला ब्लोअर लागत नाही, वीज लागत नाही, पंखा फिरवायला बाई लागत नाही.

अब्बा फुप्फुसाच्या जुन्या दुखण्याने गेले. ते बिडी ओढायचे, हे खरे आहे आणि मी लपवत नाही. पण अम्मीने आयुष्यात बिडीला हात लावला नाही आणि डॉक्टरांनी तिची छाती तपासून पहिला प्रश्न विचारला, "घरात काय जाळता?" घरात कोळसा जाळल्याने होणारा धूर माणसाला कर्करोग करतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पक्के ठरवले आहे, तंबाखूच्या धुराला ज्या पहिल्या गटात ठेवले, त्याच गटात हा आहे. त्यात आपल्या देशातल्या बऱ्याच दगडी कोळशात वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त राख. ती राख भट्टीत खडा होऊन बसते आणि उरलेली हवेत उडते. आमची भट्टी घराला लागून आहे. गावातल्या बहुतेक लोहारांची तशीच असते. तो कारखाना नसून घराचाच एक कोपरा असतो.

सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहीम मदिनेतल्या एका लोहाराच्या घरी दूधपित्या वयात वाढत होता. त्या लोहाराचे नाव अबू सैफ. पैगंबर मुलाला भेटायला निघाले तेव्हा घर धुराने भरलेले होते. हजरत अनस झपाझप पुढे गेले आणि अबू सैफना म्हणाले की थांबा, अल्लाहचे रसूल आले आहेत. आणि अबू सैफ थांबले. आमच्या मोहल्ल्यात हा किस्सा लोहाराच्या कामाची इज्जत सांगण्यासाठी सांगतात आणि ते बरोबरच आहे. पैगंबरांना आपले लेकरू लोहाराच्या घरी ठेवण्यात कमीपणा वाटला नाही. मला मात्र त्यातला धूरही दिसतो. चौदाशे वर्षांपूर्वीही लोहाराचा धूर त्याच्या घरातच, तान्ह्या लेकरापर्यंत जात होता. पाहुण्यासाठी भाता थांबवणे ही अदब आहे. जी माणसे रोज त्या घरात श्वास घेतात, त्यांच्यासाठी तो थांबवण्याची सोय आज असताना न थांबवणे याला मी अदब म्हणणार नाही.

दगडी नको तर लोणारी कोळसा घ्या, त्यात गंधक नाही, धूर कमी, असेही कोणी सुचवतात. धूर कमी हे खरे. पण निखाऱ्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बंद खोलीत तो झोपेतच माणूस घेतो. शिवाय हा कोळसा कोण पाडतो? रायगडकडची कातकरी कुटुंबे उचल घेऊन, पोराबाळांसह, महिनोन्महिने दूरच्या कोळसाभट्ट्यांवर राहतात. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे आणि त्या भट्ट्यांवरून वेठबिगारांच्या सुटकेच्या बातम्या अजून येतात. आपल्या धुरातून सुटायला दुसऱ्याचे लेकरू धुरात बसवायचे, हा मार्ग मला मान्य नाही.

आता बुजुर्गांच्या बाजूने. कारण "आंच में जान" हे त्यांचे खरे कारण नाहीच. खरे कारण माझ्या भावाने वाद संपल्यावर भांडी उचलताना हळूच सांगितले. "भाई, कोळसा गोणीने मिळतो. नाही जमले तर अर्धी गोणी. तेही जमले नाही तर उधार. टाकी उधार मिळते का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

गावातल्या लोहाराची कमाई कशी येते ते बघा. मृगाच्या आधी वखराची पास आणि फाळ शेवटायला गर्दी. ऊसतोडीच्या आधी कोयते. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराआधी नालबंद पाहुणे नाल पाडून घ्यायचे, ते आता तुरळक. बाकी वर्षभर दिवसाला दोन-चार गिऱ्हाइके, "भाऊ, एवढा इळा करी दे," आणि पैसे पुष्कळदा मिरची-कापूस विकल्यावर. ज्याची कमाई अशी थेंबाथेंबाने येते, त्याला एकदम रोख मागणारे इंधन परवडत नाही. आणि गंमत अशी की याच थेंबाथेंबाच्या कामाला गॅस जास्त सोयीचा आहे. एका विळ्यासाठी कोळसा पेटवायला पंधरा-वीस मिनिटे जातात, मग पुढचे गिऱ्हाईक येईपर्यंत तो जळत ठेवावा लागतो. गॅस कॉक फिरवला की पेटतो, काम झाले की बंद. लहान, एका बर्नरची भट्टी तासाला साधारण अर्धा ते एक किलो गॅस घेते. म्हणजे १९ किलोची टाकी पेटत्या भट्टीचे वीस ते पस्तीस तास काढते. विळे, खुरपी, कोयते यांच्यासाठी ते पुष्कळ आहेत.

पण ती टाकी आहे व्यापारी. घरगुती गॅसवर ५ टक्के जीएसटी आहे, व्यापारी गॅसवर १८ टक्के. तिचा भाव दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतो, कारण देशाला लागणारा निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो. मोठ्या हॉटेलवाल्याने भाव वाढला की ताटाचा दर वाढवला. माझ्या भावाने विळ्याला धार लावण्याचे दहा रुपये वाढवले की गिऱ्हाईक म्हणते, बाजारात नवा मिळतो. तरीही सरकारी कागदावर तारांकित हॉटेल आणि कोरीटची छपरी एकाच रांगेत उभी आहेत.

घरातली लाल टाकी भट्टीला लावावी, तर २००० सालच्या एलपीजी नियंत्रण आदेशाप्रमाणे तो गुन्हा. कबूल करतो, आमच्या घरातली लाल टाकी एखाद्या रात्री ती दहा पावले चाललेली आहे. मी त्याचे समर्थन करत नाही. १४.२ किलोच्या टाकीचे घरगुती रेग्युलेटर भट्टीच्या दाबासाठी बनलेले नसते आणि ते काढून दुसरे ठोकून बसवणे म्हणजे घर उडवण्याची तयारी. पण एवढे विचारतो : तीच बाई, तेच फुप्फुस, तीच टाकी. दहा पावले अलीकडे ती अनुदानाची लाभार्थी आणि दहा पावले पलीकडे गुन्हेगार. हे कोणत्या आरोग्याचे धोरण?

१७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसायांत लोहार आहे. पाच-सात दिवसांचे प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांचे ई-व्हाउचर, आधी एक लाख आणि मग दोन लाखांचे कर्ज ५ टक्के व्याजाने. वाईट योजना नाही. लोहाराचे नाव कागदावर आले, हेही कमी नाही. पण हातोडा दिला, ऐरण दिली, कर्ज दिले. आग कशाने पेटवायची याबद्दल मात्र योजना गप्प आहे. लोहाराला आग वगळून मदत करणे म्हणजे शेतकऱ्याला नांगर देऊन पाण्याचे नाव न काढणे.

असे होऊच शकत नाही का? या देशात झालेले आहे. ताजमहालाचा संगमरवर काळा-पिवळा पडतो म्हणून एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ ला निकाल दिला. आग्रा-फिरोजाबाद परिसरातल्या २९२ उद्योगांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायूवर यावे, नाहीतर तिथून उठावे. फिरोजाबादच्या काचेच्या भट्ट्यांपर्यंत गेलची पाइपलाइन आली आणि सरकारने त्यांना देशांतर्गत वायूचा सवलतीचा कोटा दिला. म्हणजे कारागिराला परवडेल अशा भावात गॅस देता येतो. फक्त धोक्यात दगड असावा लागतो, तोही सुंदर. त्याच शहरात घराघरांत दिव्याच्या ज्योतीवर बांगड्यांची तोंडे जोडणाऱ्या बायकांपर्यंत ती पाइपलाइन गेली नाही. त्यांची फुप्फुसे संगमरवराची नव्हती.

आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे जायला सहा महिन्यांची मुदत दिली. हेतू चांगला. पण मुदत हाती पडते तशी मदत पडत नाही. शहरातल्या पर्यावरणवाल्या मित्रांना मी एवढेच म्हणतो : "कोळसा बंद करा" हे अर्धे वाक्य आहे. "आणि फरकाचे पैसे आम्ही सगळे मिळून देऊ" हे उरलेले अर्धे म्हणेपर्यंत गरिबाने तुमचे ऐकावे अशी अपेक्षा ठेवू नका.

माझी मागणी मोठी नाही. विश्वकर्मा योजनेत लोहार म्हणून नोंद झालेल्याला व्यापारी टाकीवर घरगुती टाकीइतकाच कर लावा आणि वर्षाला ठराविक टाक्यांवर उज्ज्वलासारखे थेट खात्यात अनुदान द्या. यादी तुमच्याकडे आहे, आधार तुमच्याकडे आहे, बँक खाते तुमच्याकडे आहे. नवे कार्यालय उघडायला नको. प्रशिक्षणाच्या दिवसांतला एक दिवस गॅसभट्टीला द्या. कारण गॅस निरुपद्रवी नाही. तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर खड्ड्यात, कोपऱ्यात साचतो. गॅसभट्टीही बंद खोलीत विषारी वायू सोडते. आतल्या अस्तराचा लोकरीसारखा पांढरा थर उघडा ठेवला तर त्याचे तंतू छातीत जातात, त्यावर लेप लावावाच लागतो. टाकी भट्टीपासून दूर आणि उभी, नळी चांगल्या प्रतीची, छपरी दोन बाजूंनी उघडी. हे लोहाराला कोणीतरी हातात हात धरून दाखवले पाहिजे.

आपल्या लोकांकडेही माझे मागणे आहे. रमजानमध्ये जकातीचे कपडे आणि राशन वाटले जाते, ईदच्या महिन्याभरात ते संपते. मोहल्ल्यातल्या चार गरजू लोहारांना मिळून एक गॅसभट्टी, रेग्युलेटर आणि पहिली टाकी घेऊन दिली, तर पुढच्या वर्षी ते जकात घेणाऱ्यांच्या रांगेत कदाचित दिसणार नाहीत. जकातीचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. कोणाला सुचला तर सांगा, ऐकायला तयार आहे.

भावाने काय केले, हे सांगून थांबतो. त्याने लहान गॅसभट्टी घेतली, विळे-कोयत्यांसाठी. पाच हात लांब पहार आणि रुंद फाळ तिच्या तोंडात मावत नाहीत, हे खरे आहे. त्यासाठी कोळशाची आगटी ठेवली, पण छपरीतून उठवून वाड्याच्या पार टोकाला, लिंबाखाली नेली. महिन्यातून दोन-चारदा पेटते. बुजुर्ग हसले. टाकीचे पैसे यावेळी मी भरले. पुढच्या टाकीचे काय, हे ना त्याला ठाऊक ना मला.

अम्मीला फोनवर विचारले, "खोकला कसा आहे?" म्हणाली, "तसाच आहे. पण छपरीत बसता येते आता." आणि मग लगेच विचारले, "ही टाकी संपली की दुसरी कधी येणार रे?"

हा प्रश्न मी इथे सगळ्यांसमोर ठेवतो. उत्तर माझ्या एकट्याच्या खिशात नाही, ते शोधण्याचे काम एकट्या अम्मीवर टाकू नका.